बोटभर पांढरी रेघ

मराठी भाषेने केसांना फार कामाला लावले आहे. दगा देणारा मनुष्य केसाने गळा कापतो, आश्रय देणारा केसालाही धक्का लागू देत नाही, थोडक्यात बचावलेला केसभराने बचावतो, आणि वडीलधाऱ्यांना आपल्या अनुभवाचा दाखला द्यायचा झाला म्हणजे ते डोक्यावरून हात फिरवून सांगतात, "हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत!" वर्गात वाक्प्रचारांचा तास चालू असताना मी या शेवटच्या वाक्यापाशी आले, की पुढच्या बाकांवरील मुली माझ्या चेहऱ्याकडे न पाहता भांगाकडे पाहू लागतात. त्यांचा दोष नाही. महिनाअखेर जवळ आलेली असते, आणि उन्हाळ्यात नदीच्या पात्रातला वाळूचा पट्टा उघडा पडावा तशी भांगाच्या कडेने एक बोटभर पांढरी रेघ उघडी पडलेली असते.

आजचा विषय ही बोटभर रेघ आहे. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, केसांची गोष्ट काढणे म्हणजे लाडवात केस निघण्यासारखेच आहे, असे कोणी म्हणेल. पण हा अंक हाती घेतलेल्या पुष्कळ भगिनींनी या दिवाळीपूर्वी आरशासमोर उभे राहून त्या रेघेची मनातल्या मनात लांबी-रुंदी मोजली असणार, याविषयी मला शंका नाही. पुष्कळ बंधूंनीही मोजली असेल. कलप हा काही बायकांचाच मक्ता नव्हे. शिवाय तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू. म्हणजे पुन्हा आरसा आणि पुन्हा रेघ.

हिशेब सोपा आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. आपण पार्लरची पायरी चढतो दोन-तीन महिन्यांनी. तेथे पाचशेच्या दोन-तीन नोटा मोडतात, म्हणून त्याहून वरचेवर जाणे मास्तरकीच्या पगाराला परवडत नाही. मधल्या काळात ही रेघ कोणाची? पार्लरवालीची नव्हे, आपली. तिचे घरच्या घरी काय करावे, हा सारा प्रश्न आहे. आणि माझे उत्तर आधीच सांगून टाकते: घरी करायचे ते थोडे करावे, मुळापुरते करावे, आणि सवडीने करावे. घाई ही केसांची सर्वांत मोठी वैरीण आहे. पुढे जे सांगणार आहे ते या एका वाक्याचे विवरण समजावे.

मात्र त्याआधी आमच्या विषयाचे दोन शब्द. मराठीत केस पांढरे होतात तसे ते 'पिकतात'ही. आंबा पिकतो, फणस पिकतो, पान पिकते आणि केसही पिकतात. या क्रियापदात हेटाळणी नाही. उलट एक प्रकारचा परिपाकाचा मान आहे. जुन्या वाङ्मयाचीही रीत अशीच. मखादेव जातकात मिथिलेचा राजा आपल्या नाभिकाला सांगून ठेवतो, की डोक्यात पहिला पांढरा केस दिसेल त्या दिवशी मला कळव. पुष्कळ वर्षांनी तो दिवस येतो. नाभिक सोन्याच्या चिमट्याने तो केस उपटून राजाच्या तळहातावर ठेवतो, आणि राजा राज्य सोडून वनाची वाट धरतो. रघुवंशाच्या बाराव्या सर्गात तर म्हातारपण पांढऱ्या केसाचे रूप घेऊन दशरथाच्या कानाशी येते आणि आता राज्य रामाला दे, असे कुजबुजते. एका केसाने दोन राज्ये रिकामी केली!

हे वाचून कोणी समजेल की आपले पूर्वज पांढरा केस दिसताच वैराग्य पत्करीत आणि कलप हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. तसे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत, जेथे सुगंधी द्रव्यांचा विचार केला आहे तेथे, प्रारंभीच सांगून टाकले आहे, की पांढऱ्या केसांच्या माणसाला फुले, अत्तरे, वस्त्रे, भूषणे शोभत नाहीत. तेव्हा अंजनाप्रमाणे केसांच्या रंगाकडेही लक्ष द्यावे. पुढे कृती दिली आहे. लोखंडी भांड्यात लोखंडाच्या चुऱ्याबरोबर कोद्रूचे दाणे आंबट कांजीत शिजवावेत, बारीक वाटावेत, आंबट केलेल्या केसांना लावावेत आणि डोके ओल्या पानांनी बांधून दोन प्रहर बसावे. मग ते काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने बांधावीत आणि आणखी दोन प्रहर बसावे. एकूण बारा तास! आज अर्ध्या तासात 'झाले का गं?' म्हणून तीनदा विचारणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही कृती निदान मनाच्या शांतीसाठी वाचावी.

गंमत अशी, की या कृतीतले रसायन आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात टिकून होते. लोखंडी कढईत आवळकाठीची पूड भिजत घालणे, मेंदी चहाच्या पाण्यात कालवून रात्रभर त्याच कढईत ठेवणे, हे काय आहे? आवळा, चहा, हिरडा या सर्वांत तुरट द्रव्ये असतात आणि तुरट द्रव्याला लोखंड भेटले की काळा रंग होतो. हिराकस घालून जुन्या काळी शाई करीत, ती याच न्यायाने. म्हणजे ज्या काळ्या रंगाने पोथ्या लिहिल्या, त्याच्याच भावकीतल्या रंगाने केस रंगविले.

शुद्ध मेंदीबद्दल मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस-नारिंगी. तो केसांतील प्रथिनाला घट्ट धरून बसतो. कढईने तो थोडा गडद होतो, एवढेच. नुसत्या मेंदीने केस काळेभोर होत नाहीत. ज्यांना वनस्पतीचाच काळा रंग हवा, त्यांनी आधी मेंदी लावून धुवावी आणि मग नीळ, म्हणजे निळीच्या पाल्याची पूड, कोमट पाण्यात कालवून लावावी. ही कपड्यांची नीळ नव्हे, हे सांगून ठेवलेले बरे. मेंदी तासन्‌तास भिजली तर चालते; निळीची पूड भिजवल्यावर लवकर लावावी लागते, आणि तिच्यात लिंबू पिळू नये. दोन्हींना वेळ लागतो. पण रविवारी दुपारी हाती पुस्तक घेऊन बसण्याचे इतके सन्मान्य निमित्त दुसरे मिळणार नाही. मग पाकिटातून येणारी 'काळी मेंदी' एका तासात काळी कशी होते, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो पडलाच पाहिजे. उत्तर पाकिटाच्या मागे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेले असते.

ते उत्तर समजण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल. १९०७ साली पॅरिसमध्ये युजीन शुएलर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम केशरंग तयार केला आणि तो तेथील केशभूषाकारांना विकू लागला. १९०९ साली त्याने कंपनी काढली. तीच पुढे लॉरिआल झाली. आज पार्लरमध्ये वा घरी आपण जो कायमचा रंग लावतो, तो या घराण्यातला. त्याच्या दोन नळ्या असतात. एकीत रंगाचे कण आणि अमोनियासारखे अल्क द्रव्य. दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्क द्रव्य केसावरील खवले सैल करते, कण आत शिरतात, पेरॉक्साइड त्यांना आतल्या आत फुलविते, आणि फुललेले मोठे कण मग बाहेर पडू शकत नाहीत. पाहुणा दारातून आत आला आणि फराळ करून इतका फुगला की दारातून बाहेर जाईना, तसे हे आहे.

या कणांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. काळा रंग चटकन आणि टिकाऊ येतो तो बहुधा याच्या जोरावर, आणि 'काळी मेंदी'च्या पुष्कळशा पाकिटांतही मेंदीच्या नावाआड हाच बसलेला असतो. बहुतेकांना तो निमूट सोसतो. काहींना मात्र सोसत नाही, आणि वाईट भाग हा, की दहा-पंधरा वर्षे सोसलेल्या माणसालाही एके दिवशी सोसेनासा होतो. युरोपात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर असू नये, असा नियम आहे. 'अमोनिया नाही' असे पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी 'पीपीडी नाही' असा त्याचा अर्थ होत नाही. 'हर्बल' या शब्दाचा तर अर्थच लावू नये. मागची बारीक अक्षरे वाचावीत.

आमच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या बाई पंधरा वर्षे एकाच प्रकारचा रंग लावीत होत्या. भाच्याचे लग्न दोन दिवसांवर आलेले; रात्री उशिरा, सारी आवराआवर झाल्यावर, त्यांनी नेहमीप्रमाणे रंग लावला. पहाटे कानामागे खाज सुटली, सकाळी कपाळ सुजले, आणि दुपारपर्यंत दोन्ही डोळे मिटले. रुग्णालयात तीन दिवस काढावे लागले. भाच्याच्या अक्षता त्यांनी खाटेवर पडून, लेकीने डोळ्यांपाशी धरलेल्या फोनवर, एका डोळ्याच्या फटीतून पाहिल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले, की शरीराने एकदा या द्रव्याशी वैर धरले की ते जन्मभर सोडीत नाही. पुन्हा हा रंग लावायचा नाही. आणि ज्याच्यात हे द्रव्य असते अशी काळी मेंदी हातावरसुद्धा काढायची नाही.

म्हणून पहिला नियम. रंग लावण्याआधी पूर्ण दोन दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, तो रंग पत्रकात सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस ठिपक्याएवढा लावून पाहावा. खाज, लाली, पुरळ, काही दिसले तर पाकीट कचऱ्यात. ही परीक्षा पहिल्याच वेळी नव्हे, प्रत्येक वेळी घ्यायची. आम्ही शिक्षक मंडळी दर सहामाहीला मुलांच्या परीक्षा घेतो. पाकिटाची घ्यायला काय हरकत आहे? आणि लगोलग दुसरा नियम: केसांचा रंग भुवयांना आणि पापण्यांना कधीही लावू नये. १९३३ साली अमेरिकेत पापण्या काळ्या करण्याचा 'लॅश ल्यूर' नावाचा रंग निघाला होता. त्यातही हेच द्रव्य होते. त्यापायी एका स्त्रीची दृष्टी गेली, दुसरीचा जीव गेला. आणि १९३८ साली तेथे सौंदर्यप्रसाधनांना लगाम घालणारा कायदा झाला, त्यामागे जी प्रकरणे होती त्यांत हेही होते. बंधूंनी मिशीच्या बाबतीतही हे लक्षात ठेवावे. ओठावरची कातडी डोक्याच्या कातडीहून नाजूक असते.

आता प्रत्यक्ष कृती. रंग लावायचा त्याच दिवशी केस धुऊ नयेत. आदल्या दिवशी न्हालेले, बिनतेलाचे केस उत्तम. डोक्यावर ओरखडा किंवा फोड असेल तर बेत पुढे ढकलावा. खिडकी उघडी असावी. जुना परकर-पोलके अंगात, हातमोजे हातात; कपाळाच्या आणि कानांच्या कडेने व्हॅसलिनचे बोट फिरवलेले, म्हणजे कातडीवर डाग बसत नाहीत. वाडगा काचेचा किंवा प्लास्टिकचा घ्यावा, धातूचा घेऊ नये. लोखंडी कढई आजीच्या मेंदीला मोठ्या मानाची. पेरॉक्साइडच्या रंगाला ती वर्ज्य. पेरॉक्साइडच्या बाटलीवर आकडे असतात: १० म्हणजे तीन टक्के, २० म्हणजे सहा, ३० म्हणजे नऊ आणि ४० म्हणजे बारा टक्के. पांढरे झाकण्यासाठी घरी वीसच्या वर जाण्याचे कारण नाही. चाळीसची बाटली डोक्याच्या कातडीपाशी आणणे म्हणजे दिवाळीत सुतळी बाँब हातात धरून लावण्यासारखे आहे.

केसांचे चार भाग करावेत: एक भांग कपाळापासून मानेपर्यंत, दुसरा कानापासून कानापर्यंत. चिमटे लावावेत. कानशिलाचे आणि कपाळाकडचे पांढरे केस हट्टी असतात. तेथून सुरुवात करावी. शेपटीच्या कंगव्याने बोटाच्या पेराएवढ्या बटा सुट्या करीत, ब्रशाने फक्त नवीन वाढलेल्या भागाला, म्हणजे त्या बोटभर रेघेलाच, रंग लावावा. पूर्वी रंगविलेल्या लांबीला हात लावू नये. घरोघरी बिघडते ते येथेच. रंग उरला म्हणून तो शेंड्यापर्यंत ओढला जातो. वाया घालवायचा कसा, ही आपली गृहिणीची वृत्ती. पण रंगावर रंग चढला की शेंडे काळेठिक्कर आणि खराट्यासारखे होतात, आणि पुढे त्यावर फिकट रंग लावला तरी ते उजळत नाहीत. रंग रंगाला उजळवीत नाही. लांबी निस्तेज वाटलीच, तर पत्रकात तसे सांगितले असल्यास शेवटची थोडी मिनिटे कंगवा खाली ओढावा. कालवलेला उरला रंग टाकूनच द्यावा. बाटलीत भरून झाकण लावले तर आत वायू साठून बाटली फुटू शकते. न कालवलेल्या नळ्या मात्र पुढच्या वेळेस उपयोगी पडतात, म्हणून कालवतानाच निम्मे कालवावे. घड्याळ लावून, पत्रकात सांगितली असतील तेवढीच मिनिटे थांबावे. जास्त वेळ ठेवला म्हणून रंग जास्त टिकत नाही.

रंग टिकतो तो नंतरच्या वागणुकीने. दोन-तीन दिवस न्हाऊ नये. पुढेही कढत पाणी डोक्यावर घेऊ नये, कोमट पुरे. शांपू सौम्य असावा. उन्हात बाहेर पडताना डोक्यावर पदर किंवा ओढणी असावी. ऊन केस पांढरे करीत नसले तरी रंग मात्र नक्की उडविते, एवढी दुरुस्ती त्या वाक्प्रचारात करायला हवी. आणि दिवाळीचे म्हणाल तर अभ्यंगस्नान चुकवू नये. तेल, उटणे, शिकेकाई यथासांग होऊ द्यावे. त्यासाठी रंग आधी आठवडाभर लावून मोकळे व्हावे, म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराबरोबर तोही वाहून जात नाही.

ज्यांना इतकाही खटाटोप नको, त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय सांगते: भांग बदला. वर्षानुवर्षे मधोमध असलेला भांग दोन बोटे सरकविला किंवा कंगव्याच्या शेपटीने नागमोडी पाडला, की रेघ मोडते आणि आठ-पंधरा दिवस सहज निघतात. एखाद्या समारंभापुरते हवे असेल तर मुळांवर लावायची रंगीत पूड किंवा कांडी मिळते; ती पुढच्या न्हाणात जाते. एक मात्र करू नये: पांढरा केस उपटू नये. एक उपटला की दहा येतात, हे खरे नव्हे. पण त्या छिद्रातून पुन्हा पांढराच येतो, आणि वरचेवर उपटत राहिले तर कधी कधी काहीच येईनासे होते.

रंगाचे झाले, आता कात्रीचे. केसांना फाटे फुटतात, आणि बोलण्याला फाटे फोडणाऱ्या माणसाप्रमाणेच त्यांनाही वेळीच आवरले नाही तर ते वर वर चढत जातात. कोणतेही तेल किंवा मलम फुटलेला केस सांधू शकत नाही. तो कापावाच लागतो. लांब केस असतील तर दर तीन महिन्यांनी आणि आखूड असतील तर दीड-दोन महिन्यांनी शेंडे कापावेत. घरी करायचे तर पहिली अट कात्रीची. किराण्याच्या पिशव्या आणि दुधाची पाकिटे कापणारी कात्री केसांना लावू नये. बोथट पाते केस कापण्याऐवजी चेपते, आणि नवे फाटे तेथेच सुरू होतात. केसांची कात्री वेगळी, ती फक्त केसांसाठी. केस कोरडे असताना बट किंचित पिळावी. फुटलेले शेंडे बाहेर डोकावतात, तेवढेच फाट्याच्या थोडे वर छाटावे. कपाळावरच्या बटा कापायच्या असतील तर केस ओले नसावेत, कारण ओला केस लांब दिसतो आणि वाळला की वर सरकतो. कात्री आडवी न धरता उभी धरून, टोकाने थोडे थोडे टिपावे. पाहिजे त्यापेक्षा बोटभर लांब ठेवून थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. कापलेला केस चिकटविता येत नाही. मूळ कट बदलणे, पायऱ्या पाडणे, मागची बाजू गोल करणे, ही कामे मात्र पार्लरची. आपण आकार टिकवायचा. नवा आकार द्यायचा नाही.

हे ज्ञान महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले ते २०२० साली. मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि केशकर्तनालयांची दारे बंद झाली ती जूनच्या अखेरीपर्यंत. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या सासऱ्यांचे केस गेली तीस वर्षे एकच नाभिक घरी येऊन कापीत. सासऱ्यांना मानेवर रुळणारे केस सहन होत नाहीत. मे महिन्यात ते जेवण अर्धवट टाकू लागले. कारण विचारले, तर म्हणाले, "आजारी माणसासारखं वाटतं." तेव्हा मी नाभिकांना फोन लावला. त्यांनी पलीकडून शिकविले, मी इकडे ऐकले. यंत्राला आधी चार नंबरचा, म्हणजे सुमारे तेरा मिलिमीटरचा कंगवा लावा. लहान आकड्यापासून सुरुवात करू नका. केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, खालून वर, हलक्या हाताने. मानेच्या कडेला तीन नंबर. कानाजवळ यंत्र नको, कात्री आणि कंगवा. कानामागचे राहू द्या. सासरे खुर्चीत डोळे मिटून बसले होते, मधूनच म्हणत, "सूनबाई, बेतानं." मी बेतानेच घेत होते. चाळीस मिनिटे लागली. त्या दिवशी ते दोन पोळ्या जेवले.

सरकारने परवानगी दिल्यावर नाभिक तोंडाला पट्टी बांधून आले. सासऱ्यांचे डोके चारी बाजूंनी पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, कानामागचं माझ्यासाठी ठेवलंत, बरं केलंत." सासऱ्यांनी मधल्या तीन महिन्यांचे पैसे पुढे केले, तर ते घेईनात, न केलेल्या कामाचे कसे घेऊ, म्हणाले. शेवटी ते मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी म्हणून घेतले. त्या दिवसापासून एक गोष्ट मी पक्की धरली आहे. घरची कात्री मधल्या दिवसांसाठी आहे. दुसऱ्याच्या पोटावर पाय देण्यासाठी नाही.

आणि आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. मराठी कादंबरी शिकविताना दर वर्षी मी 'पण लक्षांत कोण घेतो!' या हरिभाऊंच्या कादंबरीतील यमूच्या केशवपनापाशी येते. ज्या वर्गातील मुलींनी केसांच्या बटा तांबड्या-जांभळ्या रंगविलेल्या असतात, तो वर्ग त्या ठिकाणी एकदम गप्प होतो. त्या काळी विधवेचे केस तिचे नव्हते. ते घराण्याचे, शास्त्राचे, शेजाऱ्यांचे होते. एकट्या तिचे तेवढे नव्हते. आगरकरांनी या चालीविरुद्ध लेखणी झिजविली. आणि १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही, असे त्यांनी ठरविले. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर, त्यांनी तो खाली ठेवला. बाईचे केस बाईचे असावेत, यासाठी आपल्या इकडे एवढे मोल दिले गेले आहे.

म्हणून रंग लावावा की लावू नये, यावर मी उपदेश करणार नाही. पांढऱ्या केसांचा पुरुष भारदस्त दिसतो आणि पांढऱ्या केसांची बाई 'सुटली' म्हणतात, हा अन्याय आहेच; पण त्या अन्यायाचा सूड प्रत्येकीने आपल्याच डोक्यावर घेतला पाहिजे असे नाही. रंगाची हौस असेल तर खुशाल रंगवावे. कंटाळा आला असेल तर खुशाल सोडावे. केस थोडे आखूड करून, दर दोन महिन्यांनी रंगलेले शेंडे छाटीत गेले, की खांद्यापर्यंतच्या केसांतील रंग दोनेक वर्षांत निघून जातो. फक्त हे ठरविणारी आपण असावे. भाच्याचे लग्न, शेजारीण, मुलाखत किंवा पाकिटावरची नटी नसावी.

आमच्या इतिहासाच्या बाई आता पूर्ण पांढऱ्या केसांनी वर्गात जातात. पहिले काही महिने त्या मागच्या दाराने शिक्षककक्षात येत. एके दिवशी पुढच्या दाराने आल्या, खुर्चीत बसल्या आणि सहज बोलावे तसे बोलल्या, "पंधरा वर्षं मी हे कोणासाठी करत होते, ते आता आठवतच नाही बघा." कोणी काही बोलले नाही. पण त्या दिवशी तेथे बसलेल्या आम्हा तिघी-चौघींचे हात नकळत आपापल्या भांगाकडे गेले.

मी स्वतः अजून रंगविते. मला आवडते म्हणून रंगविते, असे मला वाटते. तरी पाकीट हाती घेतले की तो प्रश्न एकदा विचारून पाहते आणि उत्तर पटले तरच कानामागे ठिपका लावते. ते अठ्ठेचाळीस तास कातडीच्या परीक्षेचे असतात तसेच मनाच्या परीक्षेचेही. वाचक-भगिनींनी या दोन्ही परीक्षा घ्याव्यात. दोन्हींत उत्तीर्ण झाल्यास रविवारी दुपारी खिडकी उघडावी, वाडगा घ्यावा आणि बोटभर रेघेला बोटभरच रंग लावावा. नापास झाल्यास वाडगा ठेवून द्यावा आणि पिकू द्यावे. पिकणे हे मराठीत वाईट नाही.